जखम भरते, फौज जमते: अद्भुत कादंबरीचा मधला भाग कसा रचावा

लढाई हरलेली आहे. नायिका जखमी आहे, सैन्य पांगले आहे, राजधानी शत्रूच्या हाती गेली आहे. निर्णायक युद्ध अजून दोनशे-अडीचशे पाने लांब आहे. अद्भुत कादंबरी लिहिणारे बहुतेक जण याच पट्ट्यात अडकतात. लढाईचे प्रसंग भराभर लिहून होतात. मधे मात्र एका प्रकरणात वैद्याची झोपडी येते, पुढच्यात परक्या राजाचा दरबार, मग पुन्हा झोपडी. वाचकाला दोन वेगळ्या गोष्टी वाचतो आहोत असे वाटू लागते आणि तो पाने उलटत युद्धापर्यंत जातो.

याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. बरे होणे आणि मित्र जोडणे हे दोन धागे लेखकाने वेगवेगळे विणलेले असतात. त्यांचे वेळापत्रक एक हवे आणि एका धाग्यातली अडचण दुसऱ्या धाग्यातून यायला हवी. जखम भरायला जितके दिवस लागतात तितक्याच दिवसांत फौज जमायची आहे. जखमेचे औषध ज्या प्रदेशात उगवते, तिथलाच राजा अजून कुणाच्या बाजूला जायचे ते ठरवत नाहीये. एवढे साधले की मधला भाग आपोआप ताणला जातो. ते कसे साधायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे. समजायला सोपे जावे म्हणून एकच नमुना शेवटपर्यंत वापरला आहे: डोंगरी राज्याची सरनोबत, म्हणजे सेनापती, जिची डाव्या पायाची नडगी मोडली आहे आणि उजव्या खांद्यावर तलवारीचा खोल वार आहे.

आधी दिवस मोजा

लेखनाला बसण्याआधी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर चार उभे रकाने आखा: दिवस, शरीर, निरोप आणि प्रवास, शत्रू. युद्धाचा दिवस सगळ्यात खाली लिहा आणि तिथून उलटे मोजत वर या.

तुमचे जग आपल्याकडच्या हवामानासारखे असेल तर पावसाळा हे फुकट मिळालेले साधन आहे. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. नद्या ओलांडायला उतार मिळत नाही, तोफगाडे चिखलात रुततात, घोड्यांचे खूर कुजतात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण १२० दिवस होतात, म्हणजे सतरा आठवडे. मोडलेली नडगी बऱ्यापैकी जुळायला मोठ्या माणसाला याच्या आसपास वेळ लागतो. नमुन्यातली सरनोबत जूनच्या पहिल्या पावसात पडते आणि युद्ध दसऱ्यानंतर होते. शत्रू चार महिने का थांबला, याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

रामायणातल्या किष्किंधेच्या कथेत हीच रचना आहे. वालीवधानंतर लगेच सीतेचा शोध सुरू होत नाही. पावसाळा लागतो, राम प्रस्रवण पर्वतावर थांबतो आणि शरद ऋतू आला तरी सुग्रीव सुखात रमून वचन विसरलेला असतो. लक्ष्मण संतापून किष्किंधेत शिरतो तेव्हा कुठे वानरसेना जमवण्याच्या कामाला वेग येतो. थांबणे, मित्राचा विसर आणि त्यामुळे आलेला ताण या तिन्ही गोष्टी ऋतूवर उभ्या आहेत.

शत्रूचा रकाना रिकामा ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी शत्रूने काय केले याची एक ओळ तरी तिथे हवी: एक किल्ला घेतला, एका सरदाराला फितवले, महसूल वसूल केला, पूल बांधायला घेतला. त्याचा अर्धा भाग वाचकाला दाखवलाच नाही तरी चालेल, पण लेखकाला तो पूर्ण माहीत असला पाहिजे.

जखम नेमकी ठरवा

"गंभीर जखमी" एवढ्यावर चार महिने निघत नाहीत. कुठे, कशाने, किती खोल आणि नंतर काय उरणार, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवा.

प्रतिजैविके नसलेल्या जगात स्नायूपर्यंत गेलेला, पण मोठी रक्तवाहिनी न तुटलेला तलवारीचा वार साधारण असा वागतो. पहिले तीन ते पाच दिवस सूज, ठणका आणि उष्णता. पाचव्या दिवसाच्या सुमारास लालसर, दाणेदार नवे मांस दिसू लागते. तीन आठवड्यांत जखम वरून मिटते. इथेच लेखक फसतात. मिटलेली जखम मजबूत नसते. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या साधारण पाचवा हिस्सा ताकद असते. पुढे वर्षभर व्रण आतून घट्ट होत राहतो, तरी मूळ ताकदीच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. चौथ्या आठवड्यात तलवार फिरवली आणि जखम उसवली, हा प्रसंग म्हणूनच खरा वाटतो.

हाडांचे हिशेब वेगळे. बरगड्या आणि गळ्याचे हाड सहा ते आठ आठवडे. नडगी तीन ते चार महिने, हाड कातडी फोडून बाहेर आले असेल तर त्याहून बरेच जास्त, आणि जुन्या जगात असा पाय बहुधा जातोच. मांडीचे हाड मोडले तर तीन महिने अंथरूण. नीट ताणून बांधले नाही तर पाय आखूड होतो. घोडेस्वाराचा पाय बोटभर आखूड झाला की रिकिबीची लांबी बदलावी लागते, असा तपशील चार वाक्यांच्या दुःखवर्णनापेक्षा जास्त काम करतो.

बिघडायचे कसे, हेही ठरवा. मातीने भरलेल्या खोल जखमेत वायूची सडण (गॅस गँगरीन) एक ते तीन दिवसांत सुरू होते: असह्य वेदना, काळसर कातडी, दाबले तर आत कुरकुरल्यासारखे लागणे. धनुर्वात उशिरा येतो, बहुधा आठवडा-दहा दिवसांनी. जखम सुधारते आहे असे वाटत असताना जबडा घट्ट होऊ लागतो. दुय्यम पात्राचा मृत्यू लिहायचा असेल तर हा क्रम वापरा. सगळे निर्धास्त झालेले असतात तेव्हाच तो येतो.

उपचारांसाठी खऱ्या इतिहासात भरपूर सामग्री आहे. सुश्रुताने शस्त्रकर्मांचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम दिले आहेत. मध आणि तूप त्यात वारंवार येतात. मोडलेल्या हाडाला उंबर, पिंपळ, वड यांच्या सालींच्या किंवा बांबूच्या पट्ट्या बांधायला सांगितले आहे. फाटलेले आतडे काळ्या मुंग्यांना चावायला लावून शिवण्याची कृतीही आहे. युरोपातला एक नमुना प्रसंग म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. १४०३ साली श्रूजबरीच्या लढाईत इंग्लंडच्या सोळा वर्षांच्या युवराजाच्या चेहऱ्यात बाण घुसला आणि दांडी निघाली तरी टोक सुमारे सहा इंच आत राहिले. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने त्यासाठी खास चिमटा घडवला. मधात बुडवलेल्या वातींनी तो जखमेचे तोंड रोज थोडे थोडे रुंद करत गेला. मग टोक काढले, पोकळी पांढऱ्या वाइनने धुतली आणि वाती दिवसेंदिवस आखूड करत साधारण वीस दिवसांत जखम आतून भरत आणली. तोच मुलगा पुढे पाचवा हेन्री झाला. वर्णनात काय लिहायचे ते इथे दिसते: कोणते हत्यार, कोणता पदार्थ, किती दिवस आणि जखम बाहेरून मिटण्याआधी आतून का भरली पाहिजे.

अंथरुणातले शरीर कसे झिजते, हे तर जवळजवळ कुणीच लिहीत नाही. दोन-तीन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. पहिल्यांदा उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बांधून ठेवलेला गुडघा वाकत नाही, खांदा वर जात नाही. पाठीवर आणि टाचेवर शय्याव्रण होतात. सरनोबतीचे पुनर्वसन पायऱ्यांनी लिहा. दुसऱ्या आठवड्यात अंथरुणात बोटे आणि घोटा हलवणे. सहाव्यात दोन कुबड्यांवर, पाय न टेकता. दहाव्यात अर्धा भार. बाराव्यात काठी. चौदाव्यात सरळ चालणाऱ्या म्हाताऱ्या घोड्यावर, चढवायला दोन माणसे. सोळाव्यात तलवार, तीही डाव्या हातात, कारण उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. तलवार एखादा किलोचीच असते, पण आखडलेल्या खांद्याला ती दहा मिनिटेही पेलत नाही.

जादूला मोजमाप द्या

जादूने एका रात्रीत जखम भरत असेल तर वरचा सगळा हिशेब वाया जातो आणि युद्धाची भीतीही संपते. ज्या जगात मेलेला उठू शकतो, तिथे कुणाच्या मरण्याने काय बिघडते, असे वाचक विचारणारच. जादू जरूर ठेवा, पण तिला तीन बंधने आधीच घाला आणि ती पहिल्या पन्नास पानांत दाखवा.

पहिले बंधन द्रव्याचे. वनस्पती कुठे उगवते, कोणत्या महिन्यात, एका माणसाला किती लागते, किती दिवस टिकते. दुसरे बंधन करणाऱ्याच्या देहाचे. एका उपचारानंतर ती वैद्या पंधरा दिवस आजारी पडते, किंवा दर वेळी तिची थोडी दृष्टी जाते. तिसरे बंधन जादूच्या आवाक्याचे. ती मांस भरते, पण हाड जोडत नाही. ताप उतरवते, पण झोप परत आणत नाही.

आता आकडे घाला. वैद्या पंधरा दिवसांत एकालाच बरे करू शकते आणि लढाईनंतर तंबूत चारशे जखमी आहेत. कुणाला आधी? सरनोबतीला की मित्रराजाच्या मुलाला? हा निर्णय म्हणजेच कथानक. सरनोबतीने स्वतःचा क्रम सोडून मित्राच्या मुलाला दिला तर तिचा खांदा कायमचा आखडतो आणि तीन हजार घोडेस्वार तिच्या बाजूला येतात. दोन्ही धागे इथे एकमेकांत अडकतात. अशी किमान दोन ठिकाणे मधल्या भागात हवीत.

दुसरे ठिकाण औषधाचे. ते झाड फक्त वनवासी जमातीच्या रानात उगवते आणि त्या जमातीला या राज्याने पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेले आहे. औषध मागायला जाणे म्हणजे जुना अन्याय कबूल करणे. ही मैत्री सर्वांत कठीण आहे. मधल्या भागाचा कणा तीच असावी.

मनाची जखम

पराभवातून वाचलेल्या माणसाला काय होते, याची लक्षणे माहीत असलेलीच आहेत: झोप लागत नाही किंवा त्याच स्वप्नाने मोडते, मोठ्या आवाजाने अंग उडते, साध्या गोष्टीवर राग भडकतो, त्या जागेचे किंवा माणसाचे नाव टाळले जाते, आपण जगलो आणि ते मेले याची बोच राहते. ही सगळी एका पात्राला देऊ नका. दोन-तीन निवडा आणि ती वागण्यातून दाखवा. सरनोबतीला ओल्या कातड्याचा वास सहन होत नाही, कारण ती लढाई पावसात झाली होती. मग ती घोड्याच्या पागेत जाणे टाळते आणि लोक समजतात की पाय दुखतो म्हणून जात नाही.

लांबलचक स्मृतिदृश्ये टाळा. दोन-तीन ओळींचा तुकडा पुरतो आणि पूर्ण प्रसंग एकदाच, उशिरा, कुणाला तरी सांगताना यावा. सुधारणा सरळ रेषेत दाखवू नका. दहाव्या आठवड्यात बरी वाटणारी माणसे पहिल्या शिंगाच्या आवाजाला पुन्हा कोसळतात.

प्रेमात पडल्यावर सगळे बरे झाले, ही वाट सोडा. गमावलेला हात किंवा डोळा शेवटच्या लढाईआधी जादूने परत आणणे तर टाळाच. अपंगत्व घेऊन जगणाऱ्या वाचकाला त्यातून एकच निरोप जातो की अशा देहाने कुणी पराक्रम करू शकत नाही. हात गेला असेल तर पात्राला त्या हाताविना जगायला शिकवा. नसलेल्या हाताची बोटे दुखतात हे सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्यानेही नोंदवले होते. ढाल दंडाला बांधता येते, लगाम दातांत धरता येतो, हुकूम देण्यासाठी तर हात लागतच नाही.

मित्रांची वही

प्रत्येक संभाव्य मित्रासाठी वहीत एक पान ठेवा आणि सहा प्रश्न लिहा. त्याला काय हवे आहे? कशाची भीती आहे? तो नेमके काय देऊ शकतो: माणसे, घोडे, पैसा, धान्य, वाट की केवळ तटस्थता? किती दिवसांत? त्याच्याच दरबारात विरोध कोण करतो? कोणत्या गोष्टीवर तो सोडून जाईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तो मित्र अजून कागदीच आहे.

चार किंवा पाच मित्र पुरेत. त्याहून जास्त झाले की वाचकाला नावे आठवत नाहीत. सगळे सारख्या कारणाने आले तर तो भाग फसतो. एकाला भूमी हवी, एकाला सूड, एकाला व्यापाराची वाट, एक नाइलाजाने आलेला. एक नकार देतो. एक शब्द देऊन उशिरा येतो.

महाभारतातले उद्योगपर्व या कामाची पाठशाळा आहे. शल्य पांडवांकडे निघालेला असतो, पण वाटेत दुर्योधन गुपचूप त्याची बडदास्त ठेवतो आणि आतिथ्याच्या उपकारात त्याला आपल्याकडे ओढतो. मग शल्य युधिष्ठिराला आतून मदतीचे वचन देतो. रुक्मी इतक्या घमेंडीने मदत देऊ करतो की दोन्ही पक्ष त्याला नको म्हणतात. बलराम कुणाचीच बाजू न घेता तीर्थयात्रेला जातो. शेवटी सात अक्षौहिणी विरुद्ध अकरा असा आकडा होतो, पण वाचकाच्या लक्षात राहतात ती ही माणसे.

मराठ्यांच्या इतिहासात तर प्रत्येक प्रकारचा करार सापडतो. १६७७ च्या दक्षिण मोहिमेआधी शिवाजी महाराजांनी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडून मुख्यतः रोख पैसा आणि तोफखाना मिळवला. मित्राने माणसेच दिली पाहिजेत असे नाही. राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९१ मध्ये, हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या पत्रात बक्षिसाची रक्कम टप्प्यांनी ठरवली आहे: रायगड घेतल्यावर एक हप्ता, मग विजापूर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद आणि उरलेली दिल्ली घेतल्यावर. खजिना रिकामा असताना मित्र कसा बांधून ठेवायचा, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. तुमच्या परागंदा राणीकडेही देण्यासारखे फक्त उद्याचेच असते.

फसलेल्या मैत्रीसाठी पानिपतच्या लढाईआधीचे १७६० पाहा. रोहिल्यांचा सरदार नजीबखान स्वतः अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्याकडे गेला आणि त्याला अब्दालीच्या बाजूला घेऊन आला. सदाशिवरावभाऊंचे प्रयत्न अपुरे पडले. दिल्ली घेतल्यावर सूरजमल जाट निघून गेला, राजपूत राजे दूर राहिले. १४ जानेवारी १७६१ चा निकाल कितीतरी आधीपासून असा घडत होता. जमून मग विरलेल्या आघाडीसाठी १७८० पाहा. नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणले. हैदर जुलैत कर्नाटक प्रांतात (आजच्या तमिळनाडूत) उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूरला इंग्रजांची मोठी तुकडी त्याने बुडवली. पण निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन थंड केले. नागपूरची फौज बंगालच्या वाटेवर कटकला रेंगाळली आणि पैसे घेऊन थांबली. १७८२ मध्ये मराठे आणि इंग्रजांत सालबाईचा तह झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हैदर वारला, त्याचे युद्ध चालूच होते. एका आघाडीत चार वेगळी गणिते होती. तुमच्या कादंबरीतही शत्रूला दूत पाठवता येतात, हे विसरू नका. ज्या मित्राला शत्रूकडून एकही देकार येत नाही, तो खरा वाटत नाही.

दरबाराचा प्रसंग लिहिताना

पहिल्या भेटीतच राजा "हो" म्हणाला तर प्रसंग वाया गेला. आधी वकील जातो, त्याला दोन दिवस बाहेर ताटकळत ठेवतात. मग नजराणा, बसण्याच्या जागेवरून वाद, मग खासगीतली बैठक. बोलणी ठरली तरी विश्वास कशावर ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. ओलीस ठेवणे, सोयरीक, जामीनदार, शपथ असे मार्ग असतात. मराठेशाहीत बेलभंडारावर हात ठेवून क्रियाशपथ घेतली जाई. तुमच्या जगातली शपथ कशावर घेतात आणि मोडली तर काय होते, ते आधी ठरवा.

इथेच जखमेचा धागा परत आणा. दरबार सरनोबतीचा देह निरखत असतो. ती जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाही आणि त्या दरबारात आसन फक्त राजाला असते. उजव्या हाताने मुजरा करता येत नाही. गडाच्या दोनशे पायऱ्या चढून जायचे की पालखीतून, यावर तिच्या वकिलाशी आदल्या रात्री भांडण होते. लपवले तर पुढे उघडे पडण्याची भीती, दाखवले तर दुबळी ठरण्याची. वनवासी जमातीची प्रमुख मात्र तिची कुबडी पाहूनच बोलायला बसते, कारण याआधी आलेला प्रत्येक सेनानी घोड्यावरून बोलला होता.

भाकरी, चंदी आणि वाट

जमलेली फौज लगेच रणांगणावर दिसणे ही या प्रकारच्या लेखनातली सर्वांत मोठी चूक. हिशेब साधा आहे, एकदा करून ठेवा.

माणसाला दिवसाला एक किलो धान्य. कामाच्या घोड्याला चार-पाच किलो चंदी, शिवाय गवत आणि तीसेक लिटर पाणी. दहा हजार पायदळ, पाच हजार स्वार आणि तेवढेच, म्हणजे पंधरा हजार, बाजारबुणगे धरा. तीस हजार माणसांचे तीस टन आणि घोड्यांचे वीस टन, रोजचे पन्नास टन झाले. एका बैलाच्या पाठीवर शंभरेक किलो धरले तर एका दिवसाच्या धान्याला पाचशे बैल. वीस दिवसांची रसद बरोबर न्यायची तर दहा हजार बैल. हिंदुस्थानातल्या मोठ्या फौजा बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होत्या त्या यामुळेच. तांड्याचा नायक तुमच्या कादंबरीतला महत्त्वाचा मित्र होऊ शकतो आणि त्याच्याकडे एकही तलवार नसली तरी चालते. पानिपतावर नोव्हेंबर १७६० पासून कोंडलेल्या मराठ्यांची रसद तुटली, डिसेंबरात रसदीचे काम पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि जानेवारीत उपाशी फौज लढायला बाहेर पडली.

चाल अशी मोजा: बैलगाड्यांसह फौज दिवसाला पंधरा किलोमीटर, सडे घोडेस्वार तीस-चाळीस, पायी जासूद चाळीस-पन्नास, एकाच घोड्यावरचा स्वार साठ-सत्तर. टप्प्याटप्प्यावर ताजी घोडी असतील तर दीडशेच्या पुढे. तीनशे किलोमीटरवरच्या मित्राला बोलवायचे तर स्वाराला पाच दिवस, दरबारात खलबत दहा दिवस, सरदारांनी माणसे जमवायला वीस, कूच वीस दिवस आणि मधले विश्रांतीचे चार. साठ दिवस असेच जातात. म्हणजे दसऱ्याला तो हवा असेल तर श्रावणाच्या मध्यापर्यंत निरोप निघालाच पाहिजे आणि तेव्हा सरनोबत जेमतेम कुबड्यांवर उभी आहे. शरीराचा आणि निरोपांचा रकाना शेजारी ठेवला की असे प्रसंग स्वतःहून सापडतात.

रांगेची लांबीही पाहा. दहा हजार पायदळ चारच्या ओळीने, ओळीमागे दोन मीटर धरले तर पाच किलोमीटर. पाच हजार स्वार दोन-दोनच्या ओळीने, ओळीमागे चार मीटर धरले तर दहा. एकाच वाटेने गेले तर बिनीचे लोक मुक्कामाला पोहोचतात तेव्हा पिछाडी जुन्या तळावरून निघत असते. फौजा वेगवेगळ्या वाटांनी का आणतात आणि एकत्र येण्याच्या आधीच शत्रू का गाठतो, ते इथे कळते.

प्रकरणांत वाटणी

१२० दिवस साधारण सोळा प्रकरणांत बसवा, पण समान वाटू नका. पहिले दहा दिवस तीन प्रकरणे घेऊ शकतात, कारण जगणार की मरणार हे तिथे ठरते. तिसरा ते सहावा आठवडा दोन पानांत उरका. कंटाळा दाखवायला कंटाळवाणे प्रकरण लागत नाही. छतावरून गळणारे पाणी आणि बाहेर चाललेल्या मसलतीचे अर्धवट ऐकू येणारे शब्द पुरतात. या काळात दृष्टिकोन वकिलाकडे द्या आणि सरनोबतीला पत्रांतूनच भेटवा. सातव्या आठवड्यापासून तिला बाहेर काढा.

राज्याची प्रकृतीही याच काळात सुधारायची असते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांचे तेवीस किल्ले गेले. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटल्यावर त्यांनी लगेच युद्ध पुकारले नाही. वसुली, किल्ल्यांची व्यवस्था, फौज नीट लावली आणि १६७० च्या आरंभी सिंहगडापासून मुलूख परत घ्यायला सुरुवात केली. राज्य सावरण्याचे काम कादंबरीत निरस होईल ही भीती अनाठायी आहे. बियाण्याला धान्य उरले नाही, लोहाराकडे कोळसा नाही, मेलेल्या शिपायांच्या घरी काय पाठवायचे ते ठरलेले नाही, असे तीन-चार प्रसंग आले की वाचकाला कळते की लढाई कशासाठी आहे.

तेराव्या-चौदाव्या प्रकरणात एक लहान चकमक ठेवा: दोनशे-तीनशे माणसांची, एखाद्या नदीच्या उतारासाठी. तिच्यात तीन गोष्टी उघड व्हाव्यात. सरनोबतीला आता काय जमत नाही. दोन मित्रफौजांना एकमेकांचे इशारे कळत नाहीत. आणि एका मित्राचे मन डळमळते आहे. शेवटच्या युद्धात जे जे चुकणार किंवा साधणार आहे, त्याचे बीज इथेच पडते. ही चकमक गाळली तर शेवटचे युद्ध उसने वाटते.

हस्तलिखित तपासताना

मसुदा पूर्ण झाल्यावर फक्त जखमेच्या ओळी वेगळ्या काढून सलग वाचा. उजव्या खांद्याची जखम चाळीस पानांनी डावीकडे गेलेली असते, कुबडी एका प्रकरणात विसरलेली असते, हे असे वाचल्यावरच दिसते. मग प्रत्येक मित्राच्या ओळी तशाच काढा आणि त्याने मागितलेली किंमत खरोखर चुकवली गेली का ते पाहा. चुकवली नसेल तर त्याचा राग पुढे कुठेतरी दिसायला हवा.

शब्दांचे जगही तपासा. सरनोबत, खलिता, हुजुरात, चंदावल असे शब्द घेतले तर त्याच पानावर संस्कृत धाटणीचे महासेनापती आणि राजाज्ञा आणू नका. दोन वेगळ्या राज्यांची भाषा वेगळी दाखवायची असेल तरच ही विभागणी करा. वनवासी जमातीला तुटक, बाळबोध बोली देण्याचा मोह टाळा. त्यांच्यात आपसांत चालणारे संवाद पूर्ण, चतुर आणि प्रौढच असतात.

शेवटी हस्तलिखित दोघांना द्या. एक परिचारिका, अस्थितज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट असावा, आणि त्याला फक्त शरीराची प्रकरणे द्या. दुसरा हिशेबात पक्का माणूस असावा. त्याला कथा सांगू नका. दिवसांचा कागद आणि फौजेच्या रसदीचे आकडे हातात द्या आणि कुठे जमत नाही तेवढे विचारा.